दोनशे लिटरचा मॉनिटर

नव्या वस्तूवरची लेबलं वर्षानुवर्षं न काढणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. फ्रिज घेतला की दारावर तो कागद तसाच, कुलर घेतला की जाळीवर चिठ्ठी तशीच, आणि सोफ्यावरचं प्लास्टिक एप्रिल-मेमध्ये मांड्यांना चिकटतं तरी त्याला हात लावायचा नाही. बालाघाट या आमच्या गावात ओळखीच्या निम्म्या घरांत ही तऱ्हा होती, आणि आमचं घर त्यात नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण हा तिटकारा जन्मजात नाही. तो ताईच्या लग्नात सुरू झाला, तिच्या आंदणातल्या कॉम्प्युटरपासून. आंदण म्हणजे मुलीला सासरी न्यायला दिलेलं सामान. आमच्याकडे ते मांडवात एका कडेला मांडून ठेवतात, वऱ्हाडातल्या प्रत्येकाने येता-जाता बोट लावून बघावं म्हणून.

ताई माझ्याहून मोठी. बीए झाल्यावर ती कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात कामाला लागली. अर्ज, शपथपत्रं, लग्नाच्या पत्रिका, हिंदीत आणि मराठीत, सगळं तीच करायची. हात असा चालायचा की वकील लोक उभ्या उभ्या मजकूर सांगायचे आणि ती मान वर न करता उतरवायची. दुकानातला मॉनिटर जुना, पेटीसारखा, समोर बसलं की तोंड तापायचं. लाइट तर रोजच जायची. लाइट गेली की टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करायला लागायचा, आणि तो जाडजूड मॉनिटर यूपीएसची सगळी बॅटरी इतक्या चटकन पिऊन टाकायचा की ताईने फाइल सेव्ह करायच्या आत पडदा काळा. अर्धं शपथपत्र गेलं म्हणून तिने वकिलांची बोलणी खाल्लेली मी पाहिली आहेत.

म्हणूनच ती मॉनिटर किती वीज खातो हे बघायला शिकली. हौस म्हणून नाही, तिचं काम त्यावर टिकायचं म्हणून.

स्थळ आलं लांजीचं. मुलगा बैहरला सरकारी नोकरीत, शनिवारी घरी यायचा. घरात सासू, आणि अंगणापलीकडे मुलाचे मामा. मुलाचे वडील नव्हते, त्यामुळे घरातली सगळी सूत्रं या मामांच्या हातात. सगळे त्यांना मामाजी म्हणायचे. ते वीज खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बैठकीत ते म्हणाले, "आमाले काही नको. पोरीले जे द्याचं ते द्या." हे वाक्य ऐकलं की मला आजही किळस येते. ज्यांना खरोखर काही नको असतं ती माणसं हे वाक्य बोलतच नाहीत.

ताईने मात्र सगळ्यांसमोर एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "मले टायपिंगचं काम चालू ठेवायचं आहे." सासूबाई लगेच म्हणाल्या, "हौ, कर ना. घरी बसून कर. कोण नाही म्हणते?" मुलाने मान डोलावली. तेवढ्यावर ताईने होकार दिला. आंदणात कॉम्प्युटर द्यायचं ठरलं ते असं. बाकी सामान त्यांच्या घरासाठी होतं. कॉम्प्युटर ताईसाठी होता, तिची नोकरी ती सोबत घेऊन चालली होती.

चार दिवसांनी मामाजींचा फोन आला. "मास्तर, फ्रिज घेसान तं स्टारवाला घेजा."

बाबा सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गातल्या पोरांना घेऊन शाळेच्या भिंतीवरचं मीटर वाचायला लावणारा मास्तर म्हणून गावात त्यांची ओळख होती. फ्रिजवर ते स्टारचं सरकारी लेबल तेव्हा नुकतंच दिसायला लागलं होतं. अर्ध्या वर्तुळात पाच जागा, जितके स्टार रंगवलेले तितकी वीज कमी, आणि खाली वर्षाचे युनिट. बाबांनी फ्रिज चार स्टारचा घेतला आणि घरी येऊन आम्हाला ते लेबल धड्यासारखं समजावून सांगितलं. त्यांना ते फार आवडलं होतं. सरकारने एक तरी गोष्ट लोकांना वाचता येईल अशी छापली, म्हणाले.

कॉम्प्युटरसाठी आम्ही तिघं गोंदियाला गेलो. दुकानदार सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लखलखीत पडदा पुढे करत होता. ताईने त्याला आधी उजेड कमी करायला लावला, मग सोबतची पुस्तिका मागितली. तो हसला. पुस्तिका मागणारी गिऱ्हाईकं त्याला भेटत नसावीत. ताईने शेवटी एक पातळ, मध्यम आकाराचा मॉनिटर निवडला. त्याच्या चौकटीवर नखाएवढा शिक्का होता आणि त्यात एक तारा.

बाबा चष्मा वर करून म्हणाले, "एकच स्टार?"

"बाबा, हे फ्रिजसारखं नाही," ताई म्हणाली. "हा दुसरा शिक्का आहे, बाहेरच्या देशातला. याच्यात पाचपैकी किती असं नसतेच. मॉनिटर चालू असताना अन् झोपलेला असताना ठरवल्यापेक्षा जास्त वीज खात नाही, तं हा शिक्का. खाते, तं नाही. पास-नापास आहे, बाबा. मार्कं पाहाचे असन तं पुस्तिकेत पाहा, किती वॅट ते."

बाबांनी पुस्तिका पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. छोट्या यूपीएसवर हा मॉनिटर दुकानातल्या पेटीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालेल हे त्यांनी तिथंच तोंडी हिशेब करून सांगितलं. लांजीत लाइट गेली तरी ताईच्या हातातलं काम बुडणार नव्हतं. येताना गाडीत ताई तो खोका मांडीवर घेऊन बसली होती, खाली ठेवायला तयार नव्हती.

लग्नाच्या दिवशी मांडवात आंदण मांडलं. कपाट, दिवाण, कुलर, भांडी, फ्रिज, आणि टेबलावर कॉम्प्युटर. त्याला कुणीतरी झेंडूची माळही घातली होती. अक्षता पडल्या, पंगतीची पानं मांडली गेली, आणि मामाजी हात पाठीमागे बांधून आंदणापुढून फिरायला लागले. जनावरांच्या बाजारात माणसं फिरतात तसे. कपाटावर टिचकी मारली, दिवाणाची गादी दाबली. फ्रिजपाशी थांबून एक, दोन, तीन, चार असं मोठ्याने मोजलं. मग मॉनिटरपाशी गेले, वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

"हे काय? फ्रिजले चार, अन् याले एकच?"

मी जवळच होते. मी सगळं सांगितलं, अगदी ताईच्या शब्दांत, पास-नापाससकट. त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही.

"तू मले शिकवतं काय, पोरी? माही जिंदगी गेली करंटमंधी. एक स्टार मंजे सगळ्यात हलका माल. मास्तरनं आमची किंमत केली."

मी धावत आत गेले. ताई हिरव्या चुड्यात, मुंडावळ्या बांधून बसली होती. तिने बॅगेतून पुस्तिका काढून माझ्या हातात दिली. "हे दाखव त्यायले. वॅट दाखव." मी पुस्तिका नेऊन दाखवली. मामाजींनी दोन पानं उलटली, बोटाला थुंकी लावून तिसरं उलटलं आणि म्हणाले, "हे तं चिनीमंधी आहे." इंग्रजीचं पान पुढे होतं. तिथवर जायची त्यांना गरज वाटली नाही. ते जाऊन खुर्चीत बसले, त्यांच्या मागोमाग वऱ्हाडातली बाकीची पुरुषमंडळी बसली, आणि पंगतीचं घोडं अडलं. कुणी जेवायला उठेना. वरणावर साय धरली. नवरदेव फेट्याचा शेमला बोटाला गुंडाळत बसला होता.

बाबा प्रत्येकाच्या खुर्चीपुढे जाऊन हात जोडत होते. ज्या माणसाला आख्ख्या गावात पोरं रस्त्यात थांबून नमस्कार करायची, तो माणूस एका शिक्क्यासाठी हात जोडत होता. मला मामाजींची शिसारी आली होतीच. पण खरी शिसारी पुढे यायची होती.

बाबा स्कूटर काढून कुठेतरी गेले. फ्रिज विकणारा त्यांचा जुना विद्यार्थी होता. परत आले तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तडक आंदणापाशी गेले. दुकानात मांडलेल्या फ्रिजवरचं लेबल त्यांनी सोलून आणलं होतं. पाचही स्टार रंगवलेले, खाली इंग्रजीत रेफ्रिजरेटर, दोनशे लिटर, आणि वर्षाचे युनिट.

मॉनिटरची चौकट बोटभर रुंद. लेबल तळहाताहून मोठं. ते चौकटीवर बसणं शक्यच नव्हतं. बाबांनी क्षणभर बघितलं आणि ते काचेवर लावलं, उजव्या अंगाला. मग अंगठ्याने दाबून दाबून आतली हवा काढली. वह्यांना कव्हर घालताना काढायचे तशी.

"बाबा, हे फ्रिजचं आहे," मी म्हटलं.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मले वाचता येते."

मामाजी उठून आले. पाच मोजले. मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर जो तृप्तपणा पसरला तो मी विसरले नाही. लेबलातला दोनशेचा आकडा त्यांनी बोटाने दाबून पाहिला आणि मागच्यांना म्हणाले, "दोनशेवाला आहे." दोनशे काय ते ना त्यांना माहीत होतं, ना कुणी विचारलं. "मास्तर, आधी काहून नाही सांगतलं?"

"लेबल मागाहून आलं," बाबा म्हणाले.

वऱ्हाड जेवायला बसलं. वांग्याची भाजी दोनदा मागितली, बुंदी तीनदा. मी वाढत होते. नाकाने कांदे सोलणाऱ्या या माणसांना लाज नव्हती ती नव्हतीच, पण बाबांना तरी असायला हवी होती. पोरांना मीटरवरचा आकडा खरा वाचायला शिकवणारा माणूस, सगळं माहीत असून, फ्रिजचं लेबल मॉनिटरला लावतो. मला त्यांच्या हातचं पाणीसुद्धा प्यावंसं वाटेना.

निघताना ताईने मॉनिटर पाहिला. माझ्या कानात म्हणाली, "असू दे. तिथं गेल्यावर काढून टाकीन."

ते तिला काढता आलं नाही. लांजीला कॉम्प्युटर बैठकीत मांडला गेला, दारातून आलं की पहिला तोच दिसेल असा. सासूबाई रोज फडक्याने पुसायच्या, काच कमी आणि लेबल जास्त. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून मोजून दाखवायच्या. ताई लेबल काढते म्हणाली तर म्हणाल्या, "अवं, तेच तं पाहाले येतात लोकं. काम कर ना तू, बाकीची काच तुहीच हाय." ताईने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मामाजींना विचारून बघ.

मामाजींनी वर आणखी एक शोध लावला होता. पाच स्टार म्हणजे बिल येतच नाही, त्यामुळे मॉनिटर दिवसभर चालू ठेवायला हरकत नाही. ताईने तो आपोआप झोपेल असं करून ठेवलं होतं. पडदा काळा झाला की सासूबाई घाबरायच्या आणि पाहुण्यांसमोर अपमान झाल्यासारखं करायच्या. शेवटी झोपायची सोय बंद करून पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे मासे पोहायला सोडायला लावले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मासे. लाइट गेली की यूपीएसवरही मासेच. ताई भात उतरवून धावत येईपर्यंत बॅटरी संपलेली असायची. कमी वीज खातो म्हणून पारखून घेतलेल्या मॉनिटरची यांनी ही गत केली. वाचता न येणाऱ्याचा मला राग नाही. न वाचता मोजणाऱ्यांचा आहे.

हे सगळं ताईने फोनवर मला तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं, तेही हसत. बाबांना सांगू नको म्हणाली.

पहिल्या दिवाळीला तिला आणायला बाबा आणि मी लांजीच्या बसने गेलो. आम्ही पोचलो तेव्हा ताई बैठकीत काम करत होती. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पत्रिका होती. लेबलाने उजवीकडची काच झाकलेली, म्हणून तिने पान बारीक करून डाव्या कडेला ओढून घेतलं होतं. अक्षरं मुंगीएवढी. मान डावीकडे कललेली, डोळे बारीक केलेले. आम्ही दारात उभे होतो तरी तिचं लक्ष नव्हतं.

बाबा बराच वेळ तसेच उभे राहिले. पिशवी खाली ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत. मग आत येऊन सासूबाईंना म्हणाले, "थोडं कोमट पाणी द्या." त्यांना वाटलं प्यायला. त्यांनी तांब्या आणून दिला. बाबांनी खिशातला रुमाल त्यात भिजवला, ताईला हाताने बाजूला केलं आणि लेबलाचा कोपरा नखाने उचलायला लागले.

"इवाई! हे काय करून राह्यले?" सासूबाई व्याह्यांवर ओरडल्या.

"फ्रिजचं लेबल आहे, इहीणबाई. मीच लावलं होतं."

सासूबाईंनी अंगणातून मामाजींना हाक मारली. मामाजी पंचा खांद्यावर टाकून आले. तोवर लेबल अर्धं फाटून बाबांच्या हातात आलं होतं, अर्ध्याचा पांढरा लगदा काचेवर चिकटून होता. बाबांनी हातातला तुकडा त्यांच्यापुढे धरला आणि वर्गात वाचायचे तसं स्वच्छ वाचून दाखवलं. "रेफ्रिजरेटर. दोनशे लिटर." मग तेच मराठीत सांगितलं. म्हणाले, "मी खोटं केलं. तुम्ही जेवत नव्हते म्हणून केलं."

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल, ताईचं काम बंद होईल, आमच्यावर बसची वाट धरायची वेळ येईल. पण मामाजी बाबांकडे बघतही नव्हते. ते मॉनिटरपुढे वाकले, चौकटीवरच्या त्या नखाएवढ्या शिक्क्यावर बोट ठेवलं, आणि सरळ होऊन सगळ्यांकडे बघितलं.

"मंजे एकच स्टार होता. मी तवाच बोललो होतो."

सासूबाईंनी कपाळाला हात लावून भावाकडे असं पाहिलं, जणू त्यांनी अंतर्ज्ञानाने सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीवर आलेले आमचे भाऊजी चिवड्याचा बकाणा चावत म्हणाले, "मामाजीले समजतेच." तेवढंच ते त्या दिवशी बोलले. बाबा ओला रुमाल हातात घेऊन उभे होते. त्यांनी एवढं तोंड भरून खरं सांगितलं, आणि त्या खोलीत ते खरं कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. मामाजी जिंकले होते. आधी चुकून जिंकले, आता पुन्हा त्याच चुकीने जिंकले. मी त्या घरातला चहा तसाच ठेवला.

दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर बैठकीतून हलवला. एक स्टारच्या मॉनिटरला दारासमोर जागा नव्हती. मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांशेजारी टेबल लावलं. ताईला आत एकटीला बसायला मिळालं, मासे गेले, झोपायची सोय परत सुरू झाली. लाइट गेली तरी पत्रिका पूर्ण व्हायला लागली. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा बाबा शेजारी बसून ऐकत होते आणि मान हलवत होते. मी मनातल्या मनात त्यांना जवळजवळ माफ केलं होतं.

उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले. मागच्या खोलीत ती काम करत होती. काच पूर्ण मोकळी, गोंदाचा डागही तिने घासून घासून घालवला होता. आणि पान तसंच, बारीक करून डाव्या कडेला ओढलेलं. मान तशीच कललेली. उजवीकडचा अर्धा पडदा रिकामा, निळा.

"ताई, पान मोठं कर ना," मी म्हटलं.

"हौ," ती म्हणाली, आणि टाइप करत राहिली.

मी तिच्या हातातून माउस घेतला आणि पान पूर्ण पडद्यावर पसरवलं. अक्षरं मोठी झाली. ती हात मांडीवर घेऊन बघत राहिली. कुठून वाचायला सुरुवात करायची ते तिला सापडेना. मग तिने माउस माझ्याकडून परत घेतला आणि पान पुन्हा होतं तिथं नेऊन ठेवलं.

"मले असंच जमते आता," ती म्हणाली.